सगळं अंधारात काढलेलं

"दिवा लावायची ऐपत नव्हती का यांची?" पंचनामा टीव्हीवर खेकसला. "अडीच तासांचा सिनेमा, आणि एका माणसाचं तोंड धड दिसेल तर शपथ!"

त्याची बायको शेजारीच उसवलेल्या चादरीला टाके घालत बसली होती. एरवी तिने मान वर केली नसती. आज सुईत दोरा ओवायला म्हणून तिने हात उजेडाकडे धरला, नजर पडद्यावर गेली आणि दोरा तसाच राहिला. पडद्यावर भर दुपार होती. पांढरीफटक वाळू, डोक्यावर सूर्य, आणि मधोमध लाल शर्टातला एक माणूस, इतका जवळ की कपाळावरचा घाम मोजून घ्यावा.

"कुठाय अंधार?" ती म्हणाली.

"तू तुझे टाके घाल. सिनेमातलं तुला काय कळतंय?"

तिला खरंच काही कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात फाटक्या चादरी सांधायची. आठवडाभराचं उरलेलं काम रविवारी घरी आणायची, आणि नवऱ्याची बडबड ऐकत, म्हणजे न ऐकत, संपवायची. नवरा शाळेच्या बसचा ड्रायव्हर. एकतीस वर्षं तोच धंदा, आणि त्यात एक ओरखडा नाही. पंचनामा हे नाव त्याला डेपोतल्या ड्रायव्हरांनी ठेवलेलं. रोज सकाळी गाड्या बाहेर पडण्याआधी चहाचे कप हातात घेऊन मंडळी आदल्या संध्याकाळी घरी काय पाहिलं ते बोलायची, आणि हा गृहस्थ त्या बिचाऱ्या सिनेमाचा जागच्या जागी पंचनामा करायचा. नायक ठोंब्या, नायिका रडकी, आणि लिहिणाऱ्याला तर चौकात उलटा टांगावा. दहापैकी दोन. फारच प्रसन्न असला तर अडीच. आयुष्यात कधी कुणाला चांगलं म्हणायचा त्याला सराव नव्हता. मुलीचं लग्न, जावयाची नोकरी, बायकोचा स्वयंपाक, सगळ्यांना दहापैकी दोनच. उचलली जीभ, लावली टाळ्याला. वीस वर्षांपूर्वी कधीतरी तिने त्याचं ऐकणं सोडून दिलं, तेव्हापासून संसार बरा चालला होता.

गेल्या दोनेक वर्षांत त्याच्या तक्रारींत एक नवी भर पडली होती. आजकाल सगळं अंधारात काढतात. माणसं दिसत नाहीत, नुसते आवाज येतात. आणि गंमत अशी की या एका बाबतीत डेपोतला एकूण एक माणूस त्याच्या बाजूने उभा राहिला. "अगदी बरोबर बोललास," एक म्हणायचा, "परवाची मालिका मी नुसती ऐकली." दुसरा म्हणायचा, आमच्याकडे तर पडदे ओढून बघतात. जन्मात पहिल्यांदा लोकांना त्याचं म्हणणं पटत होतं, त्यामुळे गडी जास्तच चेकाळला. घरी येऊन त्याने टीव्हीचा उजेड चढवून चढवून माणसं चुन्यासारखी पांढरी करून ठेवली. मग टीव्हीच भिकार ठरला, कारण तो जावयाने दिलेला. "फुकट दिलेली वस्तू काय धड असणार?" टीव्ही दुरुस्त करणारा आला, म्हणाला, काका, टीव्हीला काही झालेलं नाही. त्याला याने चहासुद्धा न देता वाटेला लावलं. शेवटी दोष खिडकीवर आला, तेव्हा तिने हॉस्पिटलातल्या बाद झालेल्या जाड कापडाचे दुहेरी पडदे शिवून दिले. कटकट मिटली म्हणजे झालं, एवढाच तिचा विचार होता.

ते पडदे आता तिला समोर ओढलेले दिसत होते.

तिने रिमोट उचलला. "डोकं दुखतंय माझं त्या आवाजाने," म्हणत आवाज बंद केला आणि दोन चॅनल पुढे गेली. पडद्यावर हत्तीचं एक पिल्लू नदीकाठी उभं होतं. आख्खा पडदा व्यापून.

"ही बाई बरी काम करते, नाही?" ती म्हणाली. आवाज शक्य तितका सरळ ठेवला.

पंचनामा पुढे झुकला. मान जराशी तिरकी केली, डोळे बारीक केले.

"डोंबल! नुसती उभी राहते. आणि नेसवलंय काय तिला, गोणपाट?"

तिला हसू आलं नाही. दुसऱ्या कुणाच्या घरात हे घडलं असतं तर ती पोट धरून हसली असती.

"हत्ती आहे तो," ती म्हणाली.

पिल्लाने सोंडेत पाणी घेतलं, अंगावर उडवलं, आणि ते फक्त तिलाच दिसलं.

"किती दिवस झाले?"

"कशाला किती दिवस?"

"मला शेंडी लावू नका. दिसत नाही तुम्हाला."

"दिसतं! बाजूचं सगळं लख्ख दिसतं. मधलं तेवढं जरा धुरकट..." तो बोलता बोलता थांबला. मग उसळला. "आणि तू कोण डॉक्टरीण लागून गेलीस? दरवर्षी डेपोत डोळे तपासतात. दरवर्षी पास होतो मी."

"कसे होता?"

त्याने तोंड फिरवलं. ती त्याची बायको होती, तिला ते तोंड फिरवणं वाचता येत होतं. तपासणीच्या खोलीतला अक्षरांचा तक्ता बारा वर्षं तोच होता, ही त्याचीच जुनी तक्रार. या माणसाला सबंध गावाची उणीदुणी तोंडपाठ असायची, अकरा ओळी पाठ व्हायला काय वेळ लागणार? आणि बसमध्ये मुलांना चढवणारी-उतरवणारी मावशी होती. हल्ली हा घरी तिचं कौतुक करायचा: मावशी फार दक्ष बाई, सिग्नल लाल झाला की आधी तीच बोलते, पुढे सायकल असली की ओरडते. त्याच्या तोंडून कौतुक आलं तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं.

"उद्या गाडीवर जायचं नाही," ती म्हणाली. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं."

"रिटायर व्हायला सतरा महिने राहिलेत माझे. सतरा! काही होत नाही. रस्ता पाठ आहे मला."

"रस्ता पाठ आहे हो. रस्त्यात धावत येणारं पोर पाठ आहे का?"

"तोंड सांभाळून बोल."

"बेचाळीस मुलं असतात तुमच्या गाडीत. लोकांची."

"मला मोजून दाखवू नकोस! एकतीस वर्षं मीच नेतोय त्यांना, तू नाही. डेपोत जाऊन एक अक्षर बोललीस तर याद राख. माझ्या पोटावर पाय आणलास तर पुन्हा या घरात तुझं तोंड बघणार नाही."

"तसंही कुठे दिसतंय," ती म्हणाली.

ते शब्द तोंडातून गेले आणि तिला स्वतःलाच झोंबले. पण परत घ्यावेत असंही वाटलं नाही. वीस वर्षांचं साचलेलं होतं, कुठून तरी बाहेर यायचंच. त्याने हातातला कप भिंतीवर फेकला. तो भिंतीला लागला नाही, दारातून सरळ बाहेर जाऊन जिन्यात फुटला. तिने जाऊन काचा गोळा केल्या.

सकाळी तो उठून बुटांना पॉलिश करत होता. नेहमीसारखा, दोनदा ब्रश मारून. तिला आदल्या रात्रीपासून एक वेडी आशा होती की तो आपण होऊन म्हणेल, आज बरं वाटत नाही. तो सहाला गेला. सव्वासहाला ती घराबाहेर पडली. डेपो पायी दहा मिनिटांवर होता.

फाटकातून आत शिरताना तिला त्याचाच आवाज आधी ऐकू आला. ड्रायव्हरांचं कोंडाळं जमलं होतं, मधोमध हा.

"कालचा ना? एक गुण. वाळवंटात काढलाय म्हणे. असेल बाबा, मला तर सगळा अंधारच दिसला."

"हल्ली तसंच आहे," एक किडकिडीत ड्रायव्हर म्हणाला. "आम्ही तर आता टॉर्च घेऊन बसणार."

सगळे हसले. तोही हसला. काल हत्तीसमोर त्याचं तोंड उतरलेलं तिने पाहिलं होतं, आणि आज तो त्याच पडद्याआड उभा राहून टाळ्या घेत होता. येताना तिच्या मनात होतं की बाजूला बोलवावं, हवं तर हात जोडावेत, एकदा शेवटचं सांगून बघावं. ते सगळं तिथल्या तिथे विरलं. तिला त्याचा संताप आला.

ती थेट सुपरवायझरच्या खोलीत गेली. त्याने ऐकून घेतलं आणि हसून खुर्ची पुढे केली. "वहिनी, घरचं भांडण घरीच बरं. तपासणीत पहिला नंबर असतो त्याचा. तक्ता घडाघडा वाचतो. आमच्यापैकी कुणाला तशी शेवटची ओळ येत नाही."

"तेच सांगतेय मी," ती म्हणाली.

"रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो, वहिनी."

बाहेर गाड्या सुरू व्हायला लागल्या होत्या. त्याच्या गाडीचा आवाज तिला माहीत होता. सुपरवायझरचं बोलणं अर्धवट टाकून ती बाहेर आली, आवार ओलांडलं आणि त्याच्या बसच्या समोर, बरोबर मधोमध, पंधरा पावलांवर जाऊन उभी राहिली. हात अंगाशी. ना हाक मारली, ना हात हलवला. लख्ख उजाडलं होतं.

तो वर बसलेला तिला स्वच्छ दिसत होता. तो थेट तिच्याकडे बघत होता. त्याने गाडी गिअरमध्ये टाकली आणि बस पुढे निघाली.

ती हलली नाही. हलायचं नाही असं तिने ठरवलं होतं की पाय उचलतच नव्हते, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. बस पुढे आली, आणखी पुढे आली. मागच्या दारात चढणारी मावशी कशाने तरी पुढे वाकली आणि किंचाळली, "थांबा! अहो, थांबा!"

ब्रेक लागला. बस तिच्यापासून दोन हातांवर येऊन डुलली.

"कोण आलं रे मध्ये?" त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मरायचंय का सकाळी सकाळी? कोण आहे तो?"

टॉर्चवाला किडकिडीत ड्रायव्हर जमिनीकडे बघत होता. सुपरवायझर दारात उभा होता, त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"वहिनी आहेत," मावशी हळूच म्हणाली.

इंजिन बंद झालं. त्याला खाली उतरायला बराच वेळ लागला. एका हाताने बसची कड धरत तो पुढे आला आणि तिच्यापासून एका पावलावर थांबला. मान तिरकी करून त्याने तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हात उगारणार. तिची त्यालाही तयारी होती.

"समाधान झालं?" तो म्हणाला.

"नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

सुपरवायझर घाईघाईने आला. काहीतरी बोलायचं म्हणून "डॉक्टरांची चिठ्ठी" वगैरे पुटपुटला. नवऱ्याने तिकडे लक्ष दिलं नाही. किल्ली काढली आणि हवेत पुढे धरली, कुणाच्या हातात ते न बघता. किडकिडीत ड्रायव्हरने ती घेतली.

"कोण, तू काय? कधी गेलायस या रस्त्याने?"

"नाही, दादा."

"मग ऐक. पेन आहे का? लिही. पहिला थांबा दवाखान्याच्या कोपऱ्यावर, तिघं. त्यातल्या धाकट्याला उलटी होते, त्याला पुढे बसव, खिडकीशी. दुसऱ्या थांब्यावर दोघी बहिणी, एकमेकींशी बोलत नाहीत, लांब लांब बसव. चढावर तिसरा गिअर पडत नाही, आधीच दुसऱ्यात ये, जोर करू नकोस. चौथ्या थांब्यावर चष्मेवाली कायम उशिरा येते. दोन मिनिटं थांब. हॉर्न वाजवू नकोस, घाबरून पळत येते. पुलाखाली उजवीकडून दूधवाले येतात, त्यांचा भरवसा धरू नकोस..."

तो बोलत राहिला. एकेक थांबा, एकेक घर, एकेक मूल, कुणाचा डबा विसरतो, कुणाला बाबा सोडायला येतात, कुणाचे बाबा आता येत नाहीत. कुणालाच दहापैकी दोन नाहीत, कुणावर एक वाकडा शब्द नाही. आपल्या नवऱ्याला असं बोलता येतं हे तिला तेहतीस वर्षांत माहीत नव्हतं. किडकिडीत ड्रायव्हरने कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहायला घेतलं. बेचाळीसच्या बेचाळीस मुलं सांगून झाली, तेव्हा नवरा थांबला.

"जा आता. सात मिनिटं उशीर झालाय. पोरं उभी असतील."

बस फाटकातून गेली. तिचा आवाज पुलाच्या बाजूला वळेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग कुणाचाही निरोप न घेता चालायला लागला. ती दोन पावलं मागून निघाली. त्याने तिला बरोबर ये म्हटलं नाही, तिनेही हात पुढे केला नाही.

"घरी गेल्यावर तुझ्याशी बोलणार नाही मी," तो म्हणाला.

"नका बोलू."

"कधीच नाही."

"बरं. पुढे पायरी आहे."

"माहीत आहे मला!" तो ओरडला, आणि जागच्या जागी थांबून राहिला.

ती पुढे येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

"आता," ती म्हणाली. तेव्हा त्याने पाय उचलला.