गवतासाठी मीठ

"आमचं घर तुम्ही फोडलंत, साहेब. तुम्ही आणि तुमच्या त्या पाटीनं."

कुणी बस म्हणायच्या आत थोरली खुर्चीत बसली होती. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला गवताचा ठोंब, आणि त्याची माती साहेबांच्या टेबलाच्या काचेवर पडत होती.

वाटणीच्या वेळी सासऱ्यांनी आधी तिलाच विचारलं होतं. तिनं डोळे मिटून विहिरीकडची काळीभोर जमीन घेतली. खाडीकाठचा खारवट तुकडा धाकट्या जावेच्या गळ्यात पडला. तिथं एक राठ, निळसर गवत सोडून काही येत नसे. उन्हाळ्यात ते पार वाळायचं आणि पुन्हा त्याच मुळांतून वर यायचं. गुरंही तोंड लावत नसत. थोरली दर आठवड्याला धाकटीकडे भाजीची टोपली धाडायची आणि वर "बिचारी" म्हणायची. ते "बिचारी" म्हणणं तिला फार गोड लागायचं.

मग वनखात्याची माणसं आली. हे गवत दुसरीकडे कुठं उगवतच नाही म्हणे. तुकड्याला कुंपण पडलं, पाटी लागली, आणि धाकटीला राखणीसाठी टोपी, शिट्टी आणि प्लास्टिकची खुर्ची मिळाली. कॉलेजची पोरं मावशी मावशी करत तिच्याबरोबर फोटो काढू लागली. धाकटीनं निरोप धाडला, आता भाजी नको ताई, मी विकत घेते.

थोरलीनं नवऱ्यापाशी धोशा लावला, आपल्याही रानात ते गवत हवं. नवरा म्हणाला, गवतच हवं ना, ते तुझ्या डोक्यात काय कमी आहे? त्या दिवशी त्याला जेवण गार मिळालं.

भर दुपारी धाकटी तोंडावर टोपी घेऊन घोरत असताना थोरलीनं कुंपणाखालून हात घालून ठोंब उपटले. वांग्यांच्या वाफ्यात लावले. शेणखत घातलं, पोटभर पाणी दिलं. कुजले. एवढे लाड त्या गवताला सोसणारे नव्हते. मग तिनं पुन्हा चोरी केली, आणि या खेपेला वाफ्यात मीठ ओतलं. पोती आणून ओतलं. वांगी गेली, कोबी गेला, विहिरीकडचा अख्खा पट्टा पांढरा पडला. गवत मात्र तरारलं.

आज सकाळी धाकटी दारात आली. तिनं बाजारातल्या भाजीची टोपली खाली ठेवली, गवताकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मागितलं असतंस तर दिलं असतं ग, ताई. भाजी आता मी आणत जाईन."

टोपलीला हात न लावता थोरली तडक ऑफिसात आली होती.

साहेब म्हणाले, लावलेलं गवत आम्ही धरत नाही, आपोआप आलेलं लागतं. चोरीबद्दलही काहीतरी पुटपुटले.

"आपोआप," थोरली म्हणाली. "म्हणजे तिनं कधी कुदळ हातात धरली नाही म्हणून तिला टोपी. आणि मी सोन्यासारखी जमीन नासवली, तर मला काय? ती टोपली मला आजच परत करायची आहे, साहेब. माझी पाटी कधी लावताय, तेवढं सांगा."