पाडव्याचं ताट

"आलं का बलावनं?" तुळजाबाईनं आतून विचारलं.

"यील की. पोळ्या व्हायच्या आसतील आजून," लिंबाजी म्हणाला आणि गोठ्याच्या दारात उभा राहून मालकाच्या माडीकडे बघत राहिला.

माडीवर गुढी केव्हाच उभी राहिली होती. ऊन पार डोक्यावर आलं होतं. पुरणाचा वास गोठ्यापर्यंत येत होता, फक्त बोलावणं येत नव्हतं.

मुरुमच्या त्या मुलखात सालगड्याला 'ठेवला' किंवा 'काढला' असं तोंडानं कुणी सांगत नसे. पाडव्याला साल संपायचं. त्या दिवशी मालकाच्या घरी पुरणपोळीचं ताट वाढलं, की पुढचं साल ठरलं. जो जेवला तो राहिला. ज्याला बोलावणं आलं नाही त्यानं आपलं आपण समजून घ्यायचं आणि दिवस मावळायच्या आत दुसरं घर गाठायचं. पाडवा टळला की वर्षभर कुणी सालावर घेत नसे. निजामाचं राज्य गेलं, कचेरीतल्या टोप्या बदलल्या, पण ही रीत काही बदलली नाही.

कल्याणप्पांच्या घरी लिंबाजीचे केस पांढरे झाले होते. इतक्या वर्षांत त्याला वाट अशी कधी बघावीच लागली नव्हती. अंघोळ उरकायच्या आत हाक यायची. आज त्यानं बैलांपुढची वैरण दोनदा उगाचच सारखी केली.

शेवटी कल्याणप्पा स्वतःच आले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर आलाच नसता. गोठ्याच्या दारात उभे राहून ते बैलांशी बोलावं तसं, लिंबाजीकडे न बघता बोलले.

"लिंबाजी, कोठीतली भुईमुगाची पोती तू बघितलीच हाईस. कुठं लांब लडाई लागली म्हनून भाव चढला, आन् मी आजून चढंल म्हनून थांबलो. फागुनात भाव असा पडला की उचलायला कुनी न्हाई. आडतीवरनं भरल्या गाड्या परत येऊ लागल्यात. औंदा सालगडी न्हाई परवडत बाबा. लागंल तसं रोजानं मानूस बोलवीन."

"कमी द्या मालक. पर ठिवा."

"कमी द्यायला तरी पायजे की. खोली लगेच सोडू नगंस. चार रोज ऱ्हा."

एवढं बोलून कल्याणप्पा निघून गेले. लिंबाजीला त्यांचा राग यायला हवा होता, पण राग यायलाही अंगात थोडी धग लागते. तुळजाबाई भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शेतातली कामं तिला होत नव्हती. म्हणजे सालाची ज्वारी हीच त्या दोघांची वर्षाची भाकरी होती.

"ऐकलं म्या," ती म्हणाली. "दिस हाय आजून. निगा तुमी."

तिनं कडुनिंबाची पानं आणि गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला. सणाचं म्हणून घरात तेवढंच होतं.

लिंबाजी आधी खालच्या वाडीला गेला, मग वरच्या. पण त्याच्या आधीच तिथं मुरुमच्या आडतीवरचे हमाल पोचलेले होते. बाजार बसला तशी ही तरणी पोरं गावोगाव पांगली होती आणि मिळेल त्या घरी सालावर राहायला तयार होती. पहिल्या घरी लिंबाजीनं आपलं जुनंच साल सांगितलं, म्हणजे ज्वारीची पोती आणि वर घोंगडं, वहाणा, धोतरजोडी. दुसऱ्या घरी घोंगडं सोडलं. मग वहाणा सोडल्या, मग धोतरजोडी, आणि नंतर ज्वारीची पोतीही एकेक करून कमी होऊ लागली. एका ठिकाणी तर मालकाच्या पोरानं त्याचे दंड चाचपून पाहिले आणि भरलं पोतं उचलायला सांगितलं. लिंबाजीनं उचललं. पण खाली ठेवताना ते हातातून निसटून आदळलं, आणि ओट्यावरचे सगळे एकमेकांकडे बघून हसले. इतक्या वर्षांत त्यानं किती पोती उचलली याचा हिशेब तिथं कोण विचारतो!

दिवस कलला तेव्हा तो ओढ्यावर आला. तिथं गफार बैल धूत होता. पलीकडच्या गावातल्या बब्रुवान पाटलांचा हा सालगडी. दोघांची ओळख बाजारातली. गफार त्याच्याहून बराच लहान, घरात बायको जमिलाबी आणि तीन लहान पोरं. लिंबाजीचा चेहरा बघूनच तो काय ते समजला.

"दादा, साल सुटलं का तुमचं?"

"सुटलं बाबा. सकाळधरनं फिरतोय. कुत्रंबी उभं करंना."

गफारनं फडक्यातली अर्धी भाकरी काढून त्याला दिली. लिंबाजी आधी नको म्हणाला, मग खाऊ लागला.

"आमच्या मालकाला पुसून बघा की. आमच्यात ताट सांजंला, बैल धुऊन आल्यावर वाढत्यात. दोन औतं हैत. मागचा गडी दिवाळीलाच पळाला, तवापास्नं मीच मरतोय दोन्हीकडं. मानूस तर लागतोच. माझं नाव सांगा. म्हना, गफारनं धाडलंय."

लिंबाजीचा जीव भांड्यात पडला. त्यानं गफारच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो झपाझपा चालू लागला.

बब्रुवान पाटील ओसरीवर पान लावत बसले होते. दारात गुढी, गुढीला साखरेच्या गाठींची माळ. लिंबाजीनं रामराम घातला, गफारचं नाव सांगितलं आणि काम मागितलं.

"किती घेशील?" पाटलांनी विचारलं.

दिवसभर उतरत आलेला लिंबाजी आता अगदी तळाला आला होता. हे घर हातचं गेलं तर पुढं घर नव्हतं. तो म्हणाला, "चार पोती जवारी द्या. धोतर नगं, वहाना नगंत."

पाटलांचा पानावरचा हात थांबला.

"चार? गफारला मी आठ देतो. वर कपडालत्ता."

लिंबाजीच्या लक्षात आलं.

"त्याला काडू नका मालक. त्यानंच धाडलंय मला. तुमची औतं दोन हायती म्हनला."

"एक औत मोडायलोय मी. एक जोडी येत्या बाजारात जानार. असल्या मंदीत दोन गडी कशाला? आन् हे बघ, मी तुला बळजबरी करत न्हाई. तुला ताटावर बसायचं नसंल तर नगं बसू. सकाळपासनं तीन हमाल येऊन गेलेत, त्यातलं कुनीबी पाचावर ऱ्हाईल. गफारचं काई ऱ्हात न्हाई ते न्हाईच."

लिंबाजी मागं वळला. जावं, असं त्याला खरंच वाटलं. अंगणाच्या दरवाजापर्यंत तो गेलाही. पण दरवाजातून बाहेरचा रस्ता दिसला, त्याच्यावरचं पिवळं पडलेलं ऊन दिसलं आणि भिंत चाचपत उभी असलेली तुळजाबाई डोळ्यांपुढं आली. तो परत फिरला. पायरीखाली पाट मांडला होता, त्यावर बसला.

"वाढा गं," पाटील आत बघून म्हणाले. पाटलीण कस्तुराबाईंनी ताट आणून ठेवलं. पोळी, सार, भात, वर तुपाची धार.

तेवढ्यात गफार बैल घेऊन आला. बैलांची शिंगं त्यानं हिंगुळानं रंगवली होती. लिंबाजीपुढचं ताट बघून त्याचा चेहरा फुलला.

"झालं का काम? मी म्हनलं न्हवतं!"

त्यानं बैल बांधले, हातपाय धुतले. गोठ्याच्या कोनाड्यात त्याची वेगळी ठेवलेली जर्मनची थाळी होती, ती काढून विसळली आणि लिंबाजीच्या समोर, जरा अंतर सोडून, तो मांडी घालून बसला. थाळी पुढ्यात ठेवून कस्तुराबाईंची वाट बघू लागला.

कस्तुराबाई दारापर्यंत आल्या, आणि तिथूनच मागं वळल्या.

लिंबाजीनं मान वर केली नाही. गफारनं एकदा दाराकडे बघितलं, एकदा पाटलांकडे, मग लिंबाजीच्या ताटाकडे.

"गफार," पाटील घसा खाकरून म्हणाले, "औंदा एकच गडी ठेवायलोय मी."

गफारनं समोरची थाळी उचलून फडक्यात बांधली. उठून तो गोठ्यात गेला. तो आता शिव्या देईल, निदान आपल्या तोंडावर थुंकेल, असं लिंबाजीला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण गफार बाहेर आला तो हातात तेलाची बुधली घेऊन.

"दादा, तांबड्याच्या खांद्याला गाठ आली हाय. रोज तेल चोळा. जू घासू लागलं तर बसकण मारतो, मारू नका त्याला."

"गफारभाई..." लिंबाजी पाटावरून अर्धवट उठला.

"आज कुठं कुठं फिरलात?"

प्रश्न कशासाठी आहे ते लिंबाजीला कळलं. "खालच्या वाडीला जाऊ नगंस. वरच्याबी न्हाई. तिथं समदी घरं म्या इचारून आलोय. येणेगूरच्या वाटंला मळं हायती, तिकडं गेलो न्हवतो म्या."

"बरं," गफार म्हणाला. त्यानं बुधली पायरीवर ठेवली, पाटलांना सलाम केला आणि तो निघाला. दरवाजाबाहेर गेल्यावर तो पळतच सुटला असावा, कारण त्याच्या वहाणांचा आवाज भराभर लांब गेला. दिवस अजून थोडा होता.

लिंबाजीनं पोळीचा तुकडा मोडला. तो तोंडात घोळला, उतरेना, मग त्यानं पाण्याच्या घोटाबरोबर उतरवला. दुसरा तुकडा तितकासा अडला नाही. तिसरा तर मुळीच नाही. पोळी संपली तेव्हा ते त्याच्याच ध्यानात आलं.

कस्तुराबाई पुन्हा दारात आल्या. त्यांच्या हातातल्या ताटलीत आणखी एक पोळी होती.

"वाढू का?"

लिंबाजीनं वर बघितलं नाही.

"वाढा," तो म्हणाला.