राखीव रोपांची गाडी

मित्रांनो, मी एक जुना डिझेल टेम्पो आहे आणि पृथ्वीच्या रक्षणासाठी मी कर भरला आहे. म्हणजे भरला मालकाने. मी धूर सोडला.

माझा मालक माळी. त्याच्या रोपवाटिकेत विहीर नव्हती. रोज सकाळी तलावावरून पाण्याची पिंपे आणणे हे माझे काम. पिशवीतली रोपे ती. उन्हाळ्यात एक फेरी चुकली की माना टाकायची. माळी मलाही जपायचा. थंडीत माझ्या बॉनेटवर स्वतःची जुनी गोधडी घालायचा.

मग डिझेलवर हरित कर लागला. पंपावरच्या फलकावर हिरवेगार झाड काढले होते. बाकीचे गाडीवाले चिडले, माळी तेवढा हरखला.

"झाडांसाठी कर लागलाय!" तो घरी येऊन म्हणाला. "झाडं काय कारखान्यात होतात? आपल्याकडेच येतील मागायला."

"कुणी सांगितलं तुम्हाला?" बायकोने विचारले.

"चित्र आहे ना पंपावर!"

"साबणाच्या वेष्टनावर बाईचं चित्र असतं. ती येते का धुणं धुवायला?"

माळ्याने ऐकले नाही. दोन हजार रोपे वाढवली आणि राखून ठेवली. शेजारचे म्हातारे मास्तर गेलेल्या बायकोच्या आठवणीसाठी एक रोप मागायला आले.

"नाही हो मास्तर, ही सरकारची आहेत."

मास्तर रिकाम्या हाताने परतले.

इकडे डिझेल परवडेना. माझी फेरी दिवसाआड झाली, मग आठवड्यातून दोनदा, शेवटी तीही थांबली. माळी टाकीत काठी बुडवून बघायचा. रोपांकडे बघणे टाळायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याने कचेरी गाठली. कारकून भला होता.

"काका, हा कर झाडं लावायला नाही. इंधन महाग झालं की लोक गाड्या कमी चालवतात, हवा स्वच्छ राहते. एवढंच."

"मग साधलं की साहेब," माळी म्हणाला. "माझी थांबलीच आहे."

दोन हजारांतली एकोणीस जगली. त्यातले एक घेऊन तो मास्तरांकडे गेला. दाराला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, "महिना झाला त्यांना जाऊन."

मित्रांनो, उद्या मी भंगारात जाईन, त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. कर जरूर लावा. फक्त ज्या झाडाचे चित्र काढता, त्याला पाणी कोण घालतो, तेवढे एकदा विचारून घ्या.

मेलेली रोपे माळ्याच्या बायकोने चुलीत घातली. वाळक्या काटक्यांवर कर नव्हता.