ॲप्रनच्या खिशातला पेन

मी पेन बोलतोय, पण लिहिण्याचा नव्हे. माझ्या पोटात शाई नाही, ॲलर्जीच्या जीवघेण्या झटक्यावरचं ॲड्रेनालिन आहे, आणि निबेच्या जागी एक सुई दडून बसली आहे. टोपण काढून मला मांडीवर जोरात दाबलं की स्प्रिंग सुटते, सुई कपड्यातून आत शिरते आणि औषध अंगात जातं. तेही एकदाच.

कारखान्यात एका बाईने मला उजेडाकडे धरून माझ्या पोटातलं पाणी नितळ आहे ना, ते पाहिलं आणि डबीत घातलं. मला विकत घेतलं ते गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका माणसाने. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून बसून त्याचा पाय घरी जेवतानाही टेबलाखाली ब्रेक शोधायचा. मी त्याच्या बायकोसाठी होतो.

ती संशोधक. कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने एकदा नवऱ्याला आपलं काम समजावून सांगितलं. "कातडीखाली, ओठांत, श्वासनळीत मास्ट पेशी असतात. पहारेकरीच म्हण. पोटात दारूगोळा भरलेला. शत्रू आला की उडवायचा. ॲलर्जी म्हणजे साध्या पाहुण्याला दरोडेखोर समजून घरातच बार उडवणं."

"आणि तुझे पहारेकरी?" नवऱ्याने विचारलं.

तिने घातलेली घडी पुन्हा उलगडली. प्रयोगासाठी वर्षानुवर्षं उंदीर हाताळून तिला उंदरांचीच ॲलर्जी झाली होती. आधी शिंका, मग अंगावर गांध्या, मग छातीत घरघर. डॉक्टरांनी उंदरांपासून लांब राहायला बजावलं होतं. पण या पहारेकऱ्यांना शांत ठेवणारं एक औषध ती तपासत होती आणि काम अगदी हातातोंडाशी आलं होतं. "एवढा प्रयोग होऊ दे," ती म्हणायची. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, म्हणजे सरांना, तिने यातलं काही कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर उंदरांच्या खोलीचं दार तिला बंद झालं असतं. म्हणून मी तिच्या ॲप्रनच्या खिशात, रुमालाखाली लपून राहायचो.

तिला शिंक आली की मी रुमालाखाली कान टवकारायचो. काय मागावं तेच कळेना. वेळ आलीच नाही तर मुदत संपून मी फुकट जाणार, आणि आली तर तिच्या जिवावर बेतलेलं असणार.

एका दुपारी सर उंदीर बघायला आले. तिने एकाला उचललं, तो गर्रकन वळला आणि हातमोज्यावरून कडकडून चावला.

"लागलं का गं?"

"छे, सर. जरासंच." तिने बोट नळाखाली धरलं.

मग तळहात खाजू लागले. ओठ सुजले. तिचा हात खिशात आला, मला लागला, आणि मला सोडून त्याने ॲलर्जीच्या गोळ्यांची पट्टी उचलली. गोळी अशा वेळी पुरत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण मी बाहेर आलो असतो तर गुपितही बाहेर आलं असतं. "थांबू जरा," ती पुटपुटली, "उतरेल."

"तुझा आवाज असा का येतोय?" सरांनी दचकून विचारलं.

ती भिंतीला टेकून खाली बसली. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिने खिशाकडे बोट दाखवलं. सरांनी मला ओढून काढलं, पण ते मला उलटसुलट पिळू लागले. टोपण निघेना.

"कुठे? दंडात?"

तिने मांडीच्या बाहेरच्या बाजूला थाप मारली. टोपण उडालं. मी घुसलो, आणि होतं नव्हतं ते सगळं तिला देऊन टाकलं.

हळूहळू तिच्या ओठांवरची निळी झाक ओसरली. डॉक्टरांना दाखवायला सरांनी मलाही दवाखान्यात आणलं. नवरा धावत आला. निरोप आला तेव्हा तो शिकवणीवर होता, म्हणून गाडी त्याच्या शिकाऊ बाईनेच चालवत आणली होती.

"मला का नाही सांगितलंस?" सर म्हणाले.

"तुम्ही काम काढून घेतलं असतंत."

"उंदीर काढून घेतले असते. काम कसं काढून घेईन?" त्यांनी तिची उशी सरळ केली. "आता उंदीर मी धरतो. आकडे तू बघ."

"मानेची कातडी घट्ट धरा, सर," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुम्ही फार सैल धरता."

नवरा हसायला गेला आणि रडायलाच लागला. त्रास पुन्हा उलटू शकतो, म्हणून डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलंय. नवरा नवा पेन मुठीत आवळून खाटेशी बसलाय. मी मात्र वापरलेल्या सुयांच्या डब्यात, रिकामा.

तुमच्यापैकी कुणाच्या खिशात माझा भाऊबंद असेल तर एवढं ऐका. घसा आवळू लागला, आवाज बसला, की लाज आणि साहेब नंतर. आधी टोपण काढा.

आता डब्याचं झाकण लागलंय. बाहेर ती खोकली. खुर्ची धाडकन सरकली. मग टोपण निघाल्याचा टक्क आवाज आला.

"अरे, नुसता खोकला आहे," ती म्हणाली. "बस खाली."