वेस्टमूरचा कौल

तुमी बोटीचं इचारलं म्हणून सांगतो, न्हाईतर आमच्या उंब्रजकडं बोटीचं काय काम? आमचं घराणं पलटणीचं. बाप सुभेदार, आन् मी हंबीरराव, हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. माझा पुतण्या नाथाजी तेवढा छातीला अर्धा इंच कमी भरला आन् रागारागानं मुंबईला जाऊन नेव्हीत शिरला. सन चाळीसची गोष्ट. "पाण्यात कसली रं मर्दुमकी?" म्हणून लय शिव्या घातल्या म्या त्येला.

त्येला आन् आणखी दहा-बारा पोरांना गोऱ्यांच्या एका क्रूझरवर दिलं. क्रूझर म्हंजी लढाईची मोठी बोट, वर तोफा, पोटात बॉयलर. नाव वेस्टमूर. नाथाची आई बनुबाई, माझी वैनी, तिच्या तोंडात त्ये नाव काय बसंना. तिनं त्येचं येसू मोरे करून टाकलं. "आमचा नाथा येसूकडं कामाला हाय," असं पाणवठ्यावर सांगायची. बायका हसायच्या, तीबी हसायची. नवरा पटकीत गेल्यापास्नं तिला ह्येच एक पोरगं हुतं.

एक्केचाळीसला बोट दुरुस्तीला मुंबईच्या गोदीत आली, तवा नाथा पंधरा दिसांच्या सुट्टीवर आला. बोटीच्या शेपटावर बाँब पडला हुता, अकरा माणसं गेली हुती. पोरगं घरात निजंना. भर पावसात पडवीला निजायचं. कुणी दार आपटलं की ताडकन उभं ऱ्हायचं. म्या म्हणलं, "हवालदाराचा पुतण्या आन् दाराला भितोस व्हय रं?" त्येनं घोंगडं उचललं आन् परत पडवीला गेला.

त्यो गेला आन् वैनीनं भैरोबाला कौल लावायचं काढलं. आमच्याकडं अशी रीत हाय: देवाच्या छातीला उजव्या-डाव्या अंगाला ओलं करून फुलं चिकटवायची, आन् मागणं मागायचं. उजवं पडलं तर देव व्हय म्हणला, डावं पडलं तर न्हाई. केरबा गुरव लय कडक. "एका कौलाला एकच मागणं," म्हणला. "आन् एकदा मागितलं की पुढंबी त्येच मागायचं. देवाला घोळात घ्यायचं न्हाई."

वैनी म्हणली, "माझा नाथा सुखरूप येऊ दे, एवढंच."

म्या मधी तोंड घातलं. "वैनी, नाथा कुठं हाय? बोटीत. बोट बुडाली तर त्यो काय पोहत येणार हाय का उंब्रजला? बोट मागा. बोट तरली की पोरगं तरलं."

म्या, बघा! पयल्या लढाईत बगदादकडं गेलेला माणूस. आमची पलटण निशाणासकट माघारी आली, मुंबईला बँड वाजला, आन् निम्मी पोरं तिकडंच वाळूत ऱ्हायली. ह्ये डोळ्यांनी बघून आलेलो, तरी तिला शहाणपण शिकवलं. घरात कर्ता पुरुष मीच, ती काय बोलणार? तिनं हात जोडले. "देवा, येसू बुडू देऊ नगंस." उजवं फूल पडलं.

तवापास्नं दर आवसेला तीच मागणी, दर आवसेला उजवं. बेचाळीसला बोट लंकेकडं गेली. जपान्यांच्या इमानांनी संगतीच्या दोन बोटी बुडवल्या, येसू वाचली. माझी कॉलर टाइट. नाथाची पत्रं मातूर आखूड व्हत गेली. शेवटच्यात तर लिवलं हुतं, "बोट भली आहे. सर्वांना नमस्कार." बास.

वैनीनं इचारलं, "आन् त्यो?"

"बोट भली म्हंजी त्योबी भला," म्या म्हणलं.

त्रेचाळीसच्या एका आवसेला केरबानं फूल लावलं आन् हात मागं घ्यायच्या आत उजवं खाली. वैनीचं मागणंसुदिक पुरं झालं न्हवतं. केरबाचं तोंड उतरलं. "असं कवा झालं न्हाई," म्हणला. म्या त्येलाच झापलं, "देव लगीच पावला तर तुझ्या पोटात का दुखतंय?" पण पायऱ्या उतरताना म्याबी दोनदा मागं वळून देवाकडं बघितलं.

त्या आठवड्यात गूळ घेऊन सांगलीला गेलो. जयपाळशेटच्या पेढीवर पेपर वाचत हुते. वेस्टमूरला टारपेडो लागला, पण बोट बुडाली न्हाई, आपल्या वाफेवर मुंबई बंदरात आली! म्या अक्षरशः नाचलो हो पेढीवर. गावात येऊन घराघरात गूळ वाटला. वैनीनं देवाला पुरणपोळीचा निवद केला, भावकीतल्या बाया जेवायला सांगितल्या.

बाया पानावर बसल्या आन् दारात एक पोरगं हुबं. नेव्हीचा ड्रेस, काळाभोर, आटपाडीकडचा धनगर. "धुळा म्हणत्यात मला," म्हणलं. "नाथाच्या बोटीवर हुतो."

"आरं मग ये की! पान वाढा ह्येला!" म्या वरडलो. "नाथा कवा येतोय?"

त्यो खाली बसला, पण पोळीला हात लावंना. वैनी वाढता वाढता थांबली. "लेकरा, बोट आली न्हवं?" तिनं इचारलं.

"बोट आली, मावशी." त्येनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "टारपेडो लागला आन् पाणी पुढच्या बॉयलरच्या खोलीत शिरलं. तिथलं लोखंडी दार लावलं न्हाई तर पाणी समद्या बोटीत जातं. दार लावलं, म्हणून बोट तरली. आत सात जण हुते."

"नाथा?"

"व्हय."

वैनीनं इचारलं, "दार कुणी लावलं?"

"म्या, मावशी. हुकूम हुता. नाथानं मला नावानं हाक मारली, तरी लावलं. मग त्ये आतनं दार वाजवायला लागले. उघडलं असतं तर बोट गेली असती."

"किती येळ वाजवत हुते?"

धुळ्यानं माझ्याकडं बघितलं. म्या मान हलवून खुणावलं आन् मीच बोललो, "लय येळ नसंल, वैनी. पाणी भरलं की माणूस लगीच—"

इतक्या वर्सांत वैनीनं माझ्याम्होरं कवा आवाज चढवला न्हवता. "तुमी गप बसा, भावजी. तुमचं ऐकून बोट मागितली म्या. आता ह्येला बोलू द्या."

धुळा पानाकडं बघत म्हणला, "वर छताला हवा ऱ्हायली हुती. दोन दिस, मावशी. बंदर दिसलं तवा थांबलं."

वैनी रडली न्हाई. तिनं त्येच्या डोक्यावर हात ठेवला आन् ठेवूनच बसली. मी मातूर, पेन्शनर हवालदार, समद्या बायांम्होरं हुंदके देऊन रडलो, आन् माझ्याकडं कुणी बघितलंसुदिक न्हाई.