हवापालट

आमच्या ह्यांना धाप लागायची, आणि "वय झालं" म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग यायचा. एक जिना चढून माणूस दाराला धरून उभा राहतो, याला काय वय म्हणायचं? शेवटी मीच हट्टाने त्यांना छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत सगळीकडे धुरकट डाग निघाले. "कारण सापडलं तर थांबवता येईल. नाही सापडलं तर वाढत जाण्याची भीती आहे," बाईंनी स्पष्ट सांगितलं. मग त्यांनी खोदून खोदून विचारलं. सिगारेट? कधीच नाही. कामावर धूळ? हे जन्मभर बँकेच्या खिडकीत. सांधेदुखी, जुनी औषधं? तीही नाहीत. घरात ओल, बुरशी, पक्षी?

"लव्हबर्ड आहेत," मी म्हणाले.

ह्यांनी लगेच वकिली सुरू केली. "त्यांचा काही संबंध नाही हो. हवापालट म्हणून महिनाभर लेकीकडे राहून आलो. धाप तशीच होती."

झालं, घर संशयातून सुटलं. पण बाईंनी आणखी एक स्कॅन करायला लावला. या वेळी श्वास पूर्ण सोडून तसंच थांबायचं होतं.

"श्वास सोडला की फुप्फुस आकसून करडं दिसतं," पडद्यावर बोट ठेवत त्या म्हणाल्या. "हे काळे तुकडे बघा. इथली हवा अडकून राहिली आहे, बारीक नळ्या सुजल्यात. काका, रोज काहीतरी श्वासातून आत जातंय. लेकीकडे जाताना घरून काय काय नेलं होतं?"

हे चष्मा पुसायला लागले. मीच फटकन बोलले, "पिंजरा! अख्खा प्रवास मांडीवर घेऊन! पाखरांना एकटं वाटेल म्हणे."

बाईंना हसू आवरेना. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "पिसांची, विष्ठेची धूळ. रक्त तपासून पक्कं करू. पण पक्षी द्यावे लागतील, घर धुऊन काढावं लागेल. बिघडलेलं सगळं भरून येईलच असं नाही, पुढचं मात्र वाचेल."

आता हे वाद घालणार, असं मला वाटलं. माझी विचारपूस नेहमी पाखरांच्या दाणापाण्यानंतर व्हायची, आणि ते मला सलायचं.

"देऊन टाकू," ते म्हणाले. "पण आधी हिची छाती तपासा. मी नुसते लाड करतो, पिंजरा हीच घासते."

मला काही झालेलं नाही, असं मी सांगून पाहिलं. माझ्या तपासणीची चिठ्ठी हातात पडेपर्यंत ते खुर्चीतून उठले नाहीत.