शेजारच्या सीटवरचे मास्तर

माझे भाऊजी छत्तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवत होते. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली. उरलेल्या निम्म्यांना वेळेवर बाजूला उडी मारायची सवय लागली. बायकोला मात्र त्यांनी कधी शिकवलं नाही. "घरच्या माणसाला शिकवायला बसलं की घर आणि गाडी दोन्ही गॅरेजमध्ये जातात," असं त्यांचं म्हणणं. ताईनं ते इतकी वर्षं ऐकून घेतलं आणि एकसष्टाव्या वर्षी, भाऊजींनी स्कूल बंद केल्यावर, समोरच्या गल्लीतल्या त्यांच्या प्रतिस्पर्ध्याकडे नाव घातलं. लायसन्स पहिल्या फटक्यात मिळालं. भाऊजींनी अभिनंदन केलं, पण दुखवट्याला गेल्यासारख्या आवाजात.

पुढच्याच महिन्यात लेकीकडे जायचं ठरलं. सव्वापाचशे किलोमीटर.

"गाडी मी चालवणार," ताईनं जाहीर केलं. "आपल्या दारातून तिच्या दारापर्यंत. तुम्ही एकदा जरी स्टिअरिंगला हात घातलात, तर किल्ली तुमच्या हातात ठेवीन आणि पुन्हा जन्मात मागणार नाही."

ताई शब्दाची पक्की. तीस वर्षांपूर्वी भाऊजींनी एकदा तिच्या भाताला नावं ठेवली होती; त्या दिवसापासून त्या घरात भात भाऊजी लावतात.

पंच म्हणून मला मागे बसवलं. शेजारी लेकीसाठी घेतलेलं शिलाई मशीन होतं. ते माझ्यापेक्षा ऐसपैस बसलं होतं.

सकाळी सहाला निघालो.

"आरसा बघ," भाऊजी.

"बघितला."

"कधी?"

"तुम्ही माझ्याकडे डोळे वटारत होतात तेव्हा."

शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. या गाडीत तिथं नुसती चटई होती. समोर सायकल दिसली, दाब चटई. कुत्रं दिसलं, दाब चटई. एका वळणावर तर नुसतीच लांबवर मान हलवणारी म्हैस दिसली, तिच्यासाठीही दाबली.

"अहो, भोक पडेल चटईला," ताई म्हणाली. "मग रस्त्यावर पाय घासत या लेकीकडे."

खरी परीक्षा घाटात झाली. ऐन चढावर पुढची बस थांबली, म्हणून आम्हीही थांबलो. मागे ट्रक. बस हलली, ताईनं क्लच सोडला आणि गाडी वीतभर मागे आली. ट्रकनं असा भोंगा वाजवला की मशीनचं झाकण थरथरलं. भाऊजींनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. बापुडे डोळे मिटून बसले होते. हात काही बाहेर आले नाहीत. ताईनं ओठ चावला, पुन्हा क्लच अर्धवट धरला आणि गाडी गुरगुरत वर चढली.

माथ्यावर थर्मासमधला चहा काढला.

"हाफ क्लच कुणी शिकवला तुला?"

"समोरच्या गल्लीनं."

"बरा शिकवतो," भाऊजी म्हणाले आणि तो चहा त्यांनी काढ्यासारखा गिळला.

घाट उतरल्यावर मात्र मजा आली. रस्ता सरळ, दोन्हीकडे सूर्यफुलं, काच अर्धी खाली. भाऊजी संत्री सोलायला लागले. एकेक फोड, शिरा काढून, बी काढून, ताईच्या तोंडाशी. तीही रस्त्यावरची नजर न हलवता आ करायची. मला सालं मिळाली, पिशवीत भरायला.

मग बराच वेळ पुढून सूचना आली नाही. मी वाकून पाहिलं, तर भाऊजी झोपलेले. मान खिडकीकडे, हातात अर्धं संत्रं.

"ताई, भाऊजी..."

"श्श! लग्न झाल्यापासून हा माणूस चालत्या गाडीत झोपलेला नाही. बसमध्येसुद्धा ड्रायव्हरवर पहारा करतात."

थोड्या वेळानं लेकीच्या गावाची पाटी आली. डावीकडे बाण.

"ताई, वळण!"

"दिसलं."

"मग वळ की!"

"वळायला ब्रेक मारावा लागेल. कुकरच्या शिट्टीनं उठत नाहीत रे ते, पण ब्रेकनं उठतात."

आणि आम्ही सरळ गेलो. वेग कमी करायचा झाला तर ती नुसता पाय उचलायची आणि गाडी आपल्या मर्जीनं मंदावायची. फोन वाजला तो मी दुसऱ्या घंटीच्या आत उचलला.

"मामा, कुठे पोचलात?" भाची.

"पुढे," मी कुजबुजलो.

"किती पुढे?"

"तुझ्या घराच्या पुढे."

शेवटी रेल्वेचं फाटक आडवं आलं. तिथं ताईचा इलाज चालेना. तिनं ब्रेक मारला. भाऊजी दचकून उठले.

"हे कुठलं गाव?"

"काय माहीत."

"आणि वळण?"

"मागे राहिलं. सत्तेचाळीस किलोमीटर."

"चुकलीस?"

"नाही. तुम्ही झोपला होतात."

"मी? गाडीत?"

"घोरत होतात. याला विचारा."

पंच या नात्यानं मी मान डोलावली. भाऊजींनी हातातल्या संत्र्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, मग समोरून जाणाऱ्या मालगाडीचे सगळे डबे मोजले. फाटक उघडलं. ताईनं पलीकडे जाऊन गाडी वळवली. भाऊजींनी सीट मागे टाकली, चष्मा खिशात ठेवला.

"म्हणजे पाऊण तास आहे अजून," ते म्हणाले. "वळण आलं आणि मी उठलो नसेन, तर सरळच जाऊ दे."